वाडीने खोल्या पोसल्या, मग खोल्यांनी वाडी

दिवेआगरला आमचा घरगुती राहण्याजेवणाचा व्यवसाय सुरू झाला तो गणपतीमुळे. १७ नोव्हेंबर १९९७ ला गावातल्या एका नारळ-सुपारीच्या वाडीत खणताना गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला आणि पुण्यामुंबईची माणसं माणगाव-म्हसळ्यावरून येऊ लागली. जेवण कुठे मिळेल म्हणून विचारत दारात यायची, आई पानं वाढायची. पुढे पडवीलगत खोल्या झाल्या.

२४ मार्च २०१२ ला मंदिरावर दरोडा पडला. राखणदारांचे जीव गेले, मुखवटा गेला, गर्दीही आटली. तेव्हा घर वाडीतल्या रोठा जातीच्या सुपारीवर आणि नारळावर चाललं. देवदर्शनाच्या गर्दीवर सगळी भिस्त नको, असं बाबा तेव्हापासून म्हणू लागले आणि आम्ही पाहुण्यांना वाडी दाखवायला लागलो.

टाळेबंदी जाहीर झाली तीही २४ मार्चलाच, २०२० साली. (त्या तारखेला आम्ही हल्ली नवं काही काढत नाही.) उन्हाळ्याचे ॲडव्हान्स घेतलेले होते. प्रत्येकाला फोन केला: हवे तर परत घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला धरू. बहुतेकांनी राहू दिले. ३ जूनला निसर्ग वादळ आलं. पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, ओळीच्या ओळी आडव्या, माड मुळासकट उपटलेले, कौलं शेजारच्या आवारात. वीज कित्येक आठवडे नव्हती. या वेळी खोल्या आणि वाडी एकदमच गेल्या.

तरलो, कारण डोक्यावर कर्ज नव्हतं आणि पगारी माणसंही नव्हती. स्वयंपाक, झाडलोट, हिशेब सगळं घरचंच. त्या ॲडव्हान्समधून पत्रे आणले आणि आधी दोनच खोल्या शाकारल्या. पाऊस सरल्यावर बसगाड्यांचे ग्रुप घेणं बंद केलं. एका वेळी एकच कुटुंब, अख्खं घर त्यांचं, भाडं आठवड्याचं. कंपनीचं काम घेऊन येणाऱ्यांसाठी टेबल उचलून रेंज मिळते त्या कोपऱ्यात नेलं. जेवणात घरात असेल ते: वालाचं बिरडं, भात, सोलकढी. मोदक आदल्या दिवशी सांगितले तरच. दुपारी अडीचला मीटिंग आणि तीनला समुद्रावर, असे पाहुणे आम्ही त्याआधी पाहिले नव्हते.

हा पैसा वाडीत गेला. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात आणि रोपाला सावली लागते, म्हणून आधी केळी लावल्या. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी आणि मिरी घातली. लाखी बाग म्हणतात ती हीच. केळी लगेच पैसे देतात, मसाला उशिरा देतो. तोवर सगळा खर्च खोल्यांवर.

नोव्हेंबर २०२१ मध्ये नव्याने घडवलेल्या मुखवट्याची स्थापना झाली आणि बसगाड्या परत आल्या. आठवड्याच्या मधल्या वारी आम्ही अजूनही अख्खं घर एकाच कुटुंबाला देतो. स्विमिंग पूल बांधा, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. खोल्या मात्र आहेत तेवढ्याच. शनिवार-रविवारी जागा नाही म्हटलं की काहीजण चिडतात, त्यांना आम्ही शेजारच्यांचा नंबर देतो.