पुरलेल्या प्लिमथला भेटायला

आमचे आप्पा कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बॉडी शॉपला होते. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी सुरुवातीला अमेरिकेतल्या क्रायस्लरच्या गाड्या जोडायची. डॉज, डिसोटो आणि प्लिमथ. पुढे फियाट आली आणि लोकांच्या मनात प्रीमियर म्हणजे फियाट हे पक्कं बसलं. आप्पांच्या मनात मात्र शेवटपर्यंत प्लिमथच. ते तिला 'प्लायमाउथ' म्हणायचे, म्हणून आम्हीही तसंच म्हणत मोठे झालो.

२००७ च्या जूनमध्ये पेपरात एक फोटो आला होता. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहरात ५० वर्षांपूर्वी एक कोरी करकरीत प्लिमथ जमिनीत पुरली होती, ती बाहेर काढली. फोटोत गाडी कसली, मातीचा ढेकूळ. आप्पांनी चष्मा वर करून, पेपर डोळ्यांजवळ नेऊन तो फोटो खूप वेळ बघितला आणि एवढंच विचारलं, "पाणी जायला भोक ठेवलं नव्हतं काय रे?"

आप्पा २०११ ला गेले. त्यांचा तो प्रश्न माझ्याकडे राहिला. त्यामुळे यंदा लेकीकडे टेक्सासमधल्या प्लेनोला जायचं ठरलं तेव्हाच मी तिला सांगून ठेवलं, की मला नायगारा नाही दाखवलास तरी चालेल, टल्सा दाखव.

प्लेनोहून टल्सा साधारण ४०० किलोमीटर. हायवे ७५ धरला की तो सरळ उत्तरेला टल्सापर्यंत नेऊन सोडतो. रेड रिव्हर ओलांडली की टेक्सास संपतं. नदीचं पाणी खरंच तांबूस, आपल्याकडे पहिल्या पावसात ओढे होतात तसं. ही म्हणाली, "चिपळूणला वाशिष्ठी अशीच दिसते ना पावसाळ्यात?" अगदी तशीच.

टल्सा हे तेलाच्या पैशावर उभं राहिलेलं शहर. एके काळी स्वतःला जगाची तेलाची राजधानी म्हणवून घेणारं. जत्रेच्या मैदानाबाहेर तेलविहिरीवरच्या कामगाराचा ७५ फुटी सोनेरी पुतळा आहे, तो गाडीतूनच बघितला. मला जायचं होतं ते सहावा रस्ता आणि डेन्व्हर अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, काउंटी कोर्टाच्या इमारतीपाशी.

ओक्लाहोमा १९०७ साली अमेरिकेचं ४६ वं राज्य झालं. त्याच्या सुवर्णमहोत्सवासाठी १९५७ च्या जूनमध्ये टल्साने 'टल्सारामा' नावाचा उत्सव भरवला, आणि त्यातच १५ जूनला या कोर्टासमोर जमिनीखाली बांधलेल्या काँक्रीटच्या तळघरात प्लिमथ बेल्व्हेडियर उतरवली. दोन दारांची, सोनेरी आणि पांढऱ्या रंगाची, मागे उंच शेपट्या असलेली. प्लिमथची त्या वर्षीची जाहिरातच होती, 'अचानक १९६० उजाडलं'. म्हणजे कंपनीने तीन वर्षं पुढची म्हणून विकलेली गाडी या लोकांनी ५० वर्षं पुढे पाठवायला घेतली.

त्यांनी काय काय विचार केला होता, हे वाचलं की जीव हळवा होतो. २००७ मध्ये पेट्रोल मिळेल की नाही कोण जाणे, म्हणून १० गॅलन, म्हणजे जवळजवळ ३८ लिटर पेट्रोल सोबत ठेवलं. इंजिनाचं ऑइल ठेवलं. बिअरची पेटी ठेवली. ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये त्या काळच्या बाईच्या पर्समध्ये सापडावं ते सगळं होतं: केसांच्या पिना, लिपस्टिक, च्युइंग गम, सिगारेटचं पाकीट, थोडे सुटे पैसे आणि न भरलेली पार्किंगची पावती. ही पावती ज्याला सुचली त्याला माझा नमस्कार. पुढच्या पिढीला आपण घरातली चांदीची भांडी दाखवतो, थकलेलं बिल दाखवत नाही. यांनी ते दाखवलं.

आणखी एक गंमत केली होती. २००७ साली टल्साची लोकसंख्या किती असेल याचे अंदाज लोकांकडून लिहून घेतले आणि पोलादी नळकांड्यात बंद करून गाडीसोबत ठेवले. ज्याचा अंदाज सगळ्यांत जवळचा, गाडी त्याची. एकाने ३,८४,७४३ लिहिलं होतं. प्रत्यक्षात धरलेला आकडा निघाला ३,८२,४५७. पन्नास वर्षांच्या अंतरावरून सव्वादोन हजारांची चूक! तो माणूस १९७९ मध्येच वारला होता, त्याची बायकोही गेली होती. गाडी गेली त्याच्या म्हाताऱ्या बहिणींकडे.

आम्ही कोर्टासमोर पोचलो आणि पाच मिनिटांत पाऊस सुरू झाला. मे महिन्यात त्या भागात वादळी पाऊस नेहमीचाच. लेक म्हणाली, "बाबा, गाडीत बसा, भिजाल." मी छत्री घेऊन तिथेच थांबलो. हिरवळीवर पडलेलं पाणी क्षणभर थांबायचं आणि मग मातीत जिरून दिसेनासं व्हायचं. ५० पावसाळे हे असंच चाललं असणार. पाणी कुठून गेलं असेल हे शोधायला मोठी विद्या लागत नाही. मुंबईत ज्याच्या डोक्यावर सोसायटीची गच्ची आहे त्याला काँक्रीट काय चीज आहे हे चांगलं ठाऊक आहे. ते दगडासारखं दिसतं, पण पाणी पितं. सांध्यातून पितं, केसाएवढ्या चिरेतून पितं. टल्साच्या त्या तळघराच्या भिंती गनायटिंगच्या होत्या. गनायटिंग म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, आमच्या सोसायटीच्या दुरुस्तीत पिलरना केलं होतं तेच. अणुबॉम्ब पडला तरी गाडीला धक्का लागणार नाही, असं तेव्हा सांगितलं जात होतं. बॉम्बची काळजी घेतली. पावसाची राहून गेली.

आता आप्पांच्या प्रश्नाबद्दल. कुठल्याही गाडीचं दार उघडून खालच्या कडेला बोट फिरवा, दोन-तीन छोटी भोकं लागतील. काचेच्या फटीतून दारात पाणी जातंच. ते अडवता येत नाही, म्हणून कारखान्यातच त्याला बाहेरची वाट करून ठेवलेली असते. धूळ आणि पानांचा कचरा बसून ही भोकं बुजली की पाणी दारातच साठतं आणि पत्रा आतून सडायला लागतो. वरून रंग शाबूत, चकाचक. ज्या दिवशी रंगाला फोड येतो त्या दिवशी आतला पत्रा संपलेला असतो. आप्पा रविवारी वाडीतल्या ओळखीच्यांच्या गाड्या बघायचे तेव्हा पहिल्यांदा झाडूची काडी घेऊन ही भोकं मोकळी करायचे. मग बोटाच्या पेराने पत्रा वाजवत जायचे. "ठण्ण वाजला तर पत्रा, बद्द वाजला तर लांबी," हे त्यांचं वाक्य. लांबी म्हणजे खड्डे बुजवायला भरतात ती पुटी. डोळे मिटून सगळी गाडी नुसत्या आवाजावर वाचायचे.

टल्साच्या तळघराला अशी वाट असल्याचं कुठे वाचलेलं नाही. शिरलेलं पाणी तिथेच राहिलं. गाडीला संरक्षक ग्रीसचा थर देऊन वरून गुंडाळलं होतं. पण पाणी आत गेल्यावर तेच आवरण ओल धरून ठेवणारं झालं. हे मी चुलीवरच्या भाताइतक्या खात्रीने सांगतो. आमच्याकडे पावसाळ्यात ताडपत्री घालून ठेवलेल्या गाड्या उघड्या गाड्यांच्या आधी गंजलेल्या मी डोळ्यांनी बघितल्या आहेत. त्यात १९५७ च्या प्लिमथ घाईघाईने बाजारात आणलेल्या, रस्त्यावर असतानाच लवकर गंजायच्या म्हणून त्यांची ख्याती होती.

२००७ मध्ये झाकण उघडलं तर आत काही फूट पाणी. ते उपसलं, गाडी उचलली, सभागृहात हजारो लोकांसमोर आवरण काढलं. इंजिन जॅम, सीटचं कापड विरघळून नुसत्या स्प्रिंगा, सगळ्या अंगाला तांबडा लगदा. जुन्या गाड्यांना नवा साज चढवणारे प्रसिद्ध कारागीर बॉइड कॉडिंग्टन ती सुरू करायला मुद्दाम आले होते. ती सुरू होण्यातली नव्हती. पण वितळजोड मारून बंद केलेलं ते पोलादी नळकांडं मात्र आतून कोरडं निघालं. त्यातला झेंडा घडी मोडायची बाकी असल्यासारखा होता. मला या गोष्टीचं फार वाटतं. तळघराच्या भिंती, ते मोठं काँक्रीटचं झाकण, सगळं हरलं आणि कुणा वेल्डरने मन लावून मारलेला एक टाका ५० वर्षं टिकला. त्या वेल्डरचं नाव कुणी लिहून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

ही गाडी बाहेर निघायच्या आधीच, १९९८ मध्ये, टल्साने दुसरी गाडी बंद केली होती, प्लिमथचीच प्राउलर. ती सेंटेनियल पार्कमध्ये आहे, २०४८ ला उघडायची. या वेळी जमिनीच्या वर बांधलेल्या खोलीत ठेवली आहे. आम्ही तिथेही जाऊन आलो, पाऊस चालूच होता.

पण गाडी टल्सात नाही, हे मला माहीत होतं. ती न्यू जर्सीला एका गंज काढणाऱ्या कारखानदाराकडे गेली. त्याने स्वतःच्या हौसेने काही वर्षं एकेक थर काढत ती स्वच्छ केली. पण चासी इतकी पोकळ झाली होती, की ती पुन्हा रस्त्यावर येणं शक्यच नव्हतं. स्मिथसोनियन संग्रहालयाने तिला घेतलं नाही. टल्सालाही ती परत नको होती. शेवटी २०१७ मध्ये इलिनॉयमधल्या रॉस्को गावच्या 'हिस्टॉरिक ऑटो ॲट्रॅक्शन्स' या संग्रहालयाने तिला घर दिलं. माझा पुतण्या नेपरव्हिलला राहतो, तिथून रॉस्को दीड तासावर. जूनमध्ये आम्ही त्याच्याकडे गेलो ते या हिशेबानेच.

रस्ता सपाट. दोन्हीकडे मका आणि सोयाबीन, गुडघाभर आलेलं. रॉकफर्ड गेलं की रॉस्को आलंच, पुढे विस्कॉन्सिनची हद्द. संग्रहालय बाहेरून एखाद्या गोदामासारखं दिसतं. जाणार असाल तर आधी फोन करून उघडं आहे ना ते विचारा. आत राष्ट्राध्यक्षांच्या गाड्या आहेत, गुंडांच्या आहेत, सिनेमातल्या आहेत. पुतण्या तिथेच रमला. मी पुढे गेलो.

ती समोर आली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. फोटोत बघितलेला मातीचा ढेकूळ नव्हता तो. गाडी होती. क्रोमवर कुठे कुठे अजून चमक आहे. शेपट्यांची रेघ जशीच्या तशी, एका दमात ओढलेली. रंगाचा सोनेरीपणा तपकिरीत मिसळलाय, पण डोळे बारीक केले की पांढरं कुठे संपतं आणि सोनेरी कुठे सुरू होतं ते कळतं. दाराच्या खालच्या कडेला पत्रा कागदासारखा विरलेला. तिथे मी वाकून खूप वेळ बघितलं. बोटाचं पेर आपोआप वळलं होतं, वाजवून बघावं म्हणून. हात लावला नाही. कुठला आवाज आला असता हे बघूनच कळत होतं.

लोक तिला अपयश म्हणतात. मला ते पटत नाही. १९५७ सालच्या हजारो प्लिमथ भंगारात गेल्या, वितळल्या, त्यांचा मागमूस नाही. ही ज्यांनी पुरली त्यांनी ५० वर्षांनी येणाऱ्या, कधीही न भेटणाऱ्या माणसांसाठी पेट्रोल जपून ठेवलं होतं. आणि ज्याने गंज काढला त्याने ही कधी धावणार नाही हे माहीत असून काढला. मी तिथे उभा राहून मनातल्या मनात आप्पांना सांगितलं, "नव्हतं ठेवलं भोक."

पुतण्या मागून येऊन म्हणाला, "काका, रडताय?" मी हो म्हटलं.

रात्री नेपरव्हिलला परत आल्यावर जेवायच्या आधी मी त्याच्या गॅरेजमध्ये गेलो. शिकागोकडे थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. पत्र्याला त्याच्याइतका दुसरा वैरी नाही. त्याच्या नऊ वर्षं जुन्या गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडलं, मोबाइलचा उजेड पाडला आणि खालचं भोक शोधून त्यात टूथपिक घातली. आधी काळ्या मातीची गोळी निघाली. मग थेंब थेंब करत पाणी यायला लागलं, ते चांगलं मिनिटभर फरशीवर पडत होतं. पुतण्या बाजूला उकिडवा बसून बघत होता. मी टूथपिक त्याच्या हातात दिली आणि दुसऱ्या बाजूचं दार त्याला करायला सांगितलं.