सुशी, नोरी आणि जपानी पोट

भाचीची पार्टी होती, म्हणून आज दुपारी औंधात सुशी खाल्ली. चव ठीक. (वासाबीबद्दल काही बोलत नाही.) पण भाताभोवती गुंडाळलेल्या त्या काळपट नोरीनं घरी येईपर्यंत डोकं खाल्लं.

या समुद्री शेवाळात पॉर्फिरन नावाची शर्करेची साखळी असते. ती फोडणारं विकर (एन्झाइम) माणसाच्या शरीरात तयारच होत नाही. पण २०१० मध्ये फ्रान्समधल्या रॉस्कॉफच्या संशोधकांना जपानी लोकांच्या आतड्यातल्या जिवाणूंत त्याची जनुकं सापडली. तपासलेल्या उत्तर अमेरिकी नमुन्यांत ती नव्हती. आणि ही जनुकं मूळची कुणाची, तर शेवाळावर जगणाऱ्या समुद्री जिवाणूंची! शेवाळाबरोबर ते पोटात गेले आणि तिथल्या रहिवाशांना ही विद्या देऊन गेले, असा अंदाज. जपानात आठव्या शतकात करसुद्धा शेवाळाच्या रूपात भरत, म्हणजे ओळख जुनीच.

आजची नोरी भाजलेली, त्यामुळे अशी देवाणघेवाण आता अवघड. माझ्या पोटातल्या, भाकरी-पिठल्यावर पोसलेल्या मंडळींनी ती नोरी बहुधा तशीच पुढे ढकलली असेल. हे मी टेबलावरच सांगायला घेतलं, तर भाची म्हणाली, "मामा, प्लीज, लोक जेवतायत."