कळ येण्याआधी

अंधारात पायाची करंगळी पलंगाच्या पायावर आपटली की आपटल्याचं आधी कळतं, दुखायला नंतर लागतं. मधे 'आता मेलो' असं मनात म्हणण्याइतकी सवड मिळते. मग सणसणीत कळ येते. ती ओसरते न ओसरते तोच दुसरी, मंद, ठसठसणारी, मुक्कामालाच आलेली. ठेच एक आणि निरोप तीन.

कारण वाटा वेगळ्या. स्पर्शाची बातमी जाड, चरबीचं वेष्टण असलेल्या तंतूंमधून सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने धावते. सणसणीत कळ बारीक तंतूंमधून, जरा मागून येते. ठसठस आणणाऱ्या तंतूंना तर वेष्टणच नसतं; ती सेकंदाला जेमतेम मीटरभर सरकते. माझ्याच अंगातलं दुखणं माझ्याकडे रमतगमत चालत येतं, याची मला दुखत असतानाही गंमत वाटते. आपण लगेच करंगळी चोळायला लागतो, तेही उगाच नाही. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ साली मांडलं की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर एक फाटक असतं आणि चोळल्याची बातमी ते लोटून घेते. तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण चोळल्यावर बरं वाटतं ते वाटतंच.

करंगळीपासून कण्यापर्यंतची ही वाट म्हणजे एकच पेशी. तिचं मूळ अंग कण्याजवळ, धुळीच्या कणाएवढं, आणि तंतू चांगला मीटरभर. तिला आवाज चढवता येत नाही. हळू लागो की जोरात, तिच्यातला विजेचा प्रत्येक ठोका सारख्याच ताकदीचा. जोरात लागलं तर ती तेच भराभर, पुन्हा पुन्हा सांगत सुटते. (अशी माणसंही असतात.)

अंगभर विजेच्या तारा पसरल्यात असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. तारेतली वीज अशी रेंगाळत नाही. आणि मुख्य म्हणजे ही तार अखंड नाही. कण्यात शिरल्यावर ती पेशी संपते, पुढची सुरू होते, आणि दोघींच्या मधे फट असते, मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या भागाएवढी. या फटीवरून मोठं भांडण झालं. इटलीच्या गोल्जीचं म्हणणं, सगळं एकसंध जाळं आहे. स्पेनच्या काहालने गोल्जीचीच पेशी रंगवायची पद्धत वापरून दाखवलं की प्रत्येक पेशी सुटी आहे. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं आणि गोल्जीने नोबेलच्या व्याख्यानातही काहालच्या सिद्धान्तावर टीका केली. फट प्रत्यक्ष दिसली ती इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर, १९५० च्या दशकात. तोवर दोघेही गेले होते.

पण फट ओलांडायची कशी? ऑटो लोवी या शास्त्रज्ञाला याचं उत्तर झोपेत सुचलं, असं तो सांगत असे. रात्री उठून त्याने काहीतरी खरडलं; सकाळी स्वतःचंच अक्षर लागेना. दुसऱ्या रात्री तेच पुन्हा सुचलं, तेव्हा मात्र तो तडक प्रयोगशाळेत गेला. बेडकाची दोन हृदयं, दोन्ही द्रवात धडधडणारी. पहिल्याच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला, त्याचे ठोके मंदावले. मग त्याच्याभोवतीचा द्रव उचलून दुसऱ्यावर सोडला. त्या हृदयाला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावलं. म्हणजे तंतूच्या टोकाशी काहीतरी पाझरलं होतं. ते रसायन अॅसिटिलकोलीन निघालं. हा प्रयोग १९२१ साली प्रसिद्ध झाला.

चेतापेशींमध्ये थेट जोडणीही कुठे कुठे असते, पण बहुतेक ठिकाणी हाच व्यवहार: विजेचं रसायन, पलीकडे रसायनाची पुन्हा वीज, दर फटीला साधारण अर्धा मिलिसेकंद खर्ची. निव्वळ वेगाच्या हिशेबात हा तोटाच. पण इथेच 'नको' म्हणण्याची सोयही आहे. काही रसायनं पुढच्या पेशीला उठवतात, काही गप्प बसवतात. आणि बाहेरच्याला हात घालायला जागा तीच. झोपेची गोळी पोटातून रक्तात, रक्तातून मेंदूत जाते आणि या फटीच्या पलीकडच्या काठावर 'गप्प बस'चा आवाज वाढवते.