तुम्ही विचारलंत म्हणून : हे चित्र फ्रेंच राज्यक्रांतीचं आहे का?

एका हातात उंच धरलेला फ्रान्सचा तिरंगा, दुसऱ्या हातात संगीन लावलेली बंदूक आणि प्रेतं ओलांडून पुढे येणारी स्त्री. फ्रेंच चित्रकार यूजेन देलाक्र्वाचं ‘लोकांना पुढे नेणारी स्वातंत्र्यदेवता’ हे चित्र 1789च्या राज्यक्रांतीच्या लेखांसोबत सर्रास छापलं जातं, म्हणून हा प्रश्न येतो. उत्तर : नाही. चित्राच्या पूर्ण नावातच ‘28 जुलै’ आहे, आणि साल आहे 1830.

26 जुलैला दहाव्या शार्ल राजाचे वटहुकूम छापून आले. वृत्तपत्रांचं स्वातंत्र्य गेलं, नुकतंच निवडून आलेलं सभागृह बरखास्त झालं, मताचा हक्क आणखी थोड्या लोकांपुरता उरला. 27 ते 29 जुलै पॅरिसमध्ये रस्तोरस्ती अडथळे रचून लढाई झाली आणि राजाला गादी सोडावी लागली.

गोंधळ होतो तो चित्रातल्या स्त्रीच्या डोक्यावरच्या लाल टोपीमुळे. ती 1789च्या क्रांतीची खूण. देलाक्र्वाने ती मुद्दाम घेतली. पण शेजारच्या माणसांचे कपडे बघा. बंदूक धरलेल्या पुरुषाच्या डोक्यावर टॉप हॅट (उंच नळकांडी टोपी) आहे, आणि विजार लांब. 1789च्या पॅरिसमध्ये अशा माणसाच्या अंगावर गुडघ्याशी संपणारी तंग विजार दिसली असती. त्याच्या मागे तलवार घेतलेला कामगार, पलीकडे दोन पिस्तुलं नाचवणारा पोरगा. उजवीकडे धुरात नोत्र दाम चर्चचे मनोरे आहेत आणि तिथे, नीट पाहिलं तरच दिसेल असा, चिमुकला तिरंगा. 1815 नंतर बुर्बाँ राजांनी (दहावा शार्ल याच घराण्यातला) पांढरा झेंडा परत आणला होता. त्यामुळे तिरंगा फडकवणं हेच उघड बंड होतं. तिच्या पायाशी गुडघे टेकलेल्या माणसाच्या कपड्यांतही निळा, पांढरा, लाल हेच रंग आहेत.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो खालचा पट्टा, आणि छापताना नेमका तोच कापतात. मूळ कॅनव्हास 260 बाय 325 सेंटिमीटर. डावीकडे कमरेखाली उघडं, एकाच पायात मोजा राहिलेलं प्रेत. उजवीकडे राजाच्या सैनिकांची प्रेतं. हे गाळलं की उरतं नुसतं विजयाचं पोस्टर. देलाक्र्वाने विजयासाठी मोजलेली किंमतही रंगवली होती.

नव्या सरकारने 1831च्या प्रदर्शनानंतर चित्र 3,000 फ्रँकला विकत घेतलं, पण लोक पुन्हा पेटतील या धास्तीने लवकरच नजरेआड केलं. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात ते आलं 1874 साली.

चित्राचा फोटो निवडताना त्या स्त्रीचा झगा तपासा. पूर्ण पिवळा असेल तर फोटो जुना. 2023-24च्या सफाईत पिवळटलेल्या व्हार्निशचे थर उतरवले, तेव्हा झगा मुळात फिकट राखाडी आणि त्यावर पिवळ्याच्या झळा असा निघाला. आधीच्या एका दुरुस्तीत तो सरसकट पिवळा केला गेला होता. मागचा धूरही आता निळसर-पांढरा दिसतो. त्यामुळे तिरंग्याचा निळा आणि लाल त्यावर उठून येतो.