कंपवात, मनगटावरचं घड्याळ आणि गोळीची वेळ

कंपवातात (पार्किन्सन्समध्ये) हाताचा कंप आणि हालचाल नोंदवून त्याचा आलेख दाखवणारं स्मार्टघड्याळ वापरता येतं. पहिली चूक होते ती हे घड्याळ बांधतानाच. कंपवात बहुधा एका बाजूने सुरू होतो आणि पुढेही तीच बाजू जास्त त्रास देते. घड्याळ त्या हातात हवं, सवयीच्या हातात नव्हे. एकदा ठरलेला हात बदलू नका, नाहीतर मागच्या आठवड्याच्या आलेखाशी तुलनाच करता येत नाही. पट्टाही सैल नको. सैल घड्याळ मनगटावर वेगळंच हलतं आणि त्या हलण्याचीही नोंद होते.

हात स्वस्थ ठेवलेला असतानाचा कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होतो. घड्याळातलं सॉफ्टवेअर हीच लय शोधतं. दात घासताना किंवा खडखडणाऱ्या गाडीत बसल्यावर ते फसू शकतं. मंदपणाच्या बाबतीत तर आणखी पंचाईत. टीव्हीसमोर निवांत बसलेला माणूस आणि गोळीचा असर उतरल्यामुळे हालचाल मंदावलेला माणूस, मनगटावरून दोघे जवळपास सारखेच दिसतात.

म्हणून सोबत वही हवीच. अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा आणि जागेपणी प्रत्येकात एकच खूण करा: असर चालू, असर उतरलेला, की अंग आपोआप वळवळतंय. झोपेची खूण वेगळी. रात्री बसून आठवून भरलेली वही बिनकामाची. लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरच्या मुख्य औषधाची, गोळी घेतल्याची वेळ मिनिटासकट लिहा, ठरलेली नव्हे तर प्रत्यक्ष घेतलेली. जेवणाची वेळही लिहा, कारण प्रथिनांमुळे लेव्होडोपा शोषलं जाण्यात अडथळा येतो.

आता आलेखावर गोळ्यांच्या वेळा मांडा. समजा गोळी ८ ला, कंप ८:४० ला उतरला, ११ ला पुन्हा चढला आणि पुढची गोळी १२ ला आहे. तर मधला तासभर असर नाही. याउलट गोळीनंतर तासाभरात हालचाल वाढत असेल, तर ती बहुधा औषधाचा असर शिगेला पोहोचल्यावरची वळवळ असते. घरच्यांना दोन्ही ‘हलणं’ एकच वाटतं, पण उपाय जवळजवळ उलटे असतात. शंका असेल तेव्हा मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या. त्यावरून डॉक्टरांना फरक कळतो.

चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात, ते मनगटावर नीट पकडता येत नाही. त्यासाठी नडगीवर किंवा घोट्यावर सेन्सर लागतो. घड्याळाच्या ‘पडल्याची सूचना’ या सोयीवरही विसंबू नका. भिंतीला धरून हळूच खाली घसरलेला माणूस तिच्या हिशेबात पडलेलाच नसतो.

चार्जिंग रोज अंघोळीच्या वेळी करा, गोळीच्या आसपास नको. बॅटरी वाचवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर नोंदीत खंड पडू शकतो. डॉक्टरांकडे जाताना सलग आठवड्याचे आलेख आणि निदान ३ दिवसांची वही न्या. आलेख बघून गोळी स्वतःहून कमी-जास्त करू नका. लेव्होडोपा एकदम थांबवल्यास तीव्र ताप, अंग ताठरणं, असा जिवावर बेतणारा प्रकार होऊ शकतो.