आय३ काढून आय५ बसवला, त्याची गोष्ट

"सॉकेट तोच आहे ना ताई? मग बिनधास्त घेऊन जा." लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानदाराचं हे वाक्य आठवलं की माझं डोकं अजून तापतं. सॉकेट, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तोच होता, प्रोसेसर उत्तम होता, बोर्डही धडधाकट होता. तरी काम अडून राहिलं. पुढच्याचं तरी अडू नये म्हणून लिहिते.

डोंबिवलीतल्या आमच्या वाचनालयात आम्ही स्वामित्वहक्क संपलेली, पानं सुटायला लागलेली पुस्तकं स्कॅन करतो आणि टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरने त्यांचा ओसीआर करतो, म्हणजे स्कॅनच्या चित्रातली अक्षरं मजकुरात उतरवून घेतो. टेसरॅक्ट फुकट आहे आणि त्याला मराठी येतं. मशीन जुनं : एच६१ चिपसेटचा बोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, हार्डडिस्कऐवजी तिच्याहून वेगवान एसएसडी, आणि इंटेलचा २०११ सालचा कोअर आय३-२१००. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत एवढे जुने प्रोसेसर नाहीत, त्यामुळे त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाकली आहे. ती छान चालते. रखडायचा तो फक्त ओसीआर. नव्या मशीनला पैसे नव्हते, म्हणून त्याच सॉकेटचा, ११५५चा, २०१२ सालचा आय५-३४७० जुन्या बाजारातून घ्यायचं ठरलं.

इथे एक गोष्ट आधीच सांगते, कारण कमिटीत यावरून वाद झाला होता. आय३-२१००मध्ये खरे कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, दोनच, पण हायपरथ्रेडिंगमुळे, म्हणजे एकाच कोअरला एका वेळी दोन कामं देण्याच्या सोयीमुळे, सिस्टिम मॉनिटरमध्ये चार आलेख दिसतात. आय५-३४७०मध्ये हायपरथ्रेडिंग नाही, पण कोअर खरे चार. त्यामुळे तिथेही आलेख चारच. "दोन्हीत चारच दिसतात, मग खर्च कशाला?" हा प्रश्न रास्त वाटतो, पण दोन कामगारांना दोन-दोन टेबलं दिली म्हणून ते चार होत नाहीत.

खरेदी सुरळीत झाली. प्रोसेसरच्या झाकणावर या मॉडेलचा एसआर०टी८ हा कोड कोरलेला आहे ना, एवढं मी पाहून घेतलं. घरी येऊन प्रोसेसर बसवला, बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, परत फिरला. स्क्रीन काळाच.

तिथून टोलवाटोलवी सुरू झाली. दुकानदाराने माझ्यासमोर तोच प्रोसेसर त्याच्या बोर्डावर चालवून दाखवला आणि म्हणाला, "माल ओके आहे, तुमचा बोर्ड गेला." बोर्ड घेऊन मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. टोकन, मग फॉर्म, मग बसून राहा. काउंटरवरच्या मुलाने सीरियल नंबर टाकला, वॉरंटी संपली आहे म्हणाला आणि बोर्ड पिशवीतून बाहेर न काढताच सांगून टाकलं, "मॅडम, सॉकेटची पिन वाकली असणार." मी बोर्ड काढून त्याच्यापुढे ठेवला, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला. वाकलेली पिन असली तर अशा उजेडात तिची चमक ओळ सोडून वेगळी दिसते. सगळ्या ओळी सरळ होत्या. मग तो म्हणाला, "बोर्ड डेड आहे." सोबत नेलेला आय३ मी तिथेच बसवून घ्यायला लावला. बोर्ड पहिल्या झटक्यात सुरू झाला. त्यावर उत्तर काय, तर "मग प्रोसेसर खराब आहे."

दोघंही खोटं बोलत होते असं नाही. पण खरं कारण शोधायची तसदी दोघांनीही घेतली नाही, याचाच मला संताप आहे. ते कारण बोर्डाच्या कंपनीच्याच वेबसाइटवर पडलेलं होतं. आमच्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे 'या बायोसपासून' असा रकाना आहे. बायोस म्हणजे बोर्डावरच साठवलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर. आय३-२१०० पहिल्याच बायोसपासून चालतो. आय५-३४७०पुढे बरीच पुढची आवृत्ती होती. आय३ सँडी ब्रिज पिढीतला. आय५ त्यानंतरच्या आयव्ही ब्रिज पिढीतला. बोर्ड तयार झाला तेव्हा हा आय५ बाजारात आलेलाच नव्हता, तर त्याच्या बायोसला तो ओळखता कसा येणार?

यादीची प्रिंट घेऊन मी परत त्या काउंटरवर गेले. फक्त बायोस अपडेट करून द्या, हवे ते पैसे घ्या, म्हटलं. "अपडेट आम्ही करत नाही, रिप्लेसमेंट करतो, आणि वॉरंटी नाही म्हणजे तेही नाही." वरच्या साहेबांना विचारतो म्हणून आत गेलेला मुलगा जेवणाची सुट्टी होईपर्यंत बाहेर आलाच नाही.

शेवटी मीच केलं, आणि त्याचा मला अभिमान आहे. आय३ परत बसवला. अपडेट जुन्या प्रोसेसरवरच होतं, त्यामुळे नवा चालू होईपर्यंत जुना अजिबात विकू नका. बोर्डाच्या कोपऱ्यात छापलेला रिव्हिजन नंबर वाचून नेमकी त्याचीच फाइल उतरवली, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगळ्या फाइली असतात. पेनड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट केला, बायोसमधल्याच अपडेटच्या पर्यायातून फाइल निवडली. मशीन यूपीएसवर हवंच, मध्येच वीज गेली तर बोर्ड खरोखरच मरू शकतो. टक्के पुढे सरकत होते तोवर मी कोणाला खोलीत पंखासुद्धा लावू दिला नाही. मग आय५ बसवला आणि स्क्रीनवर त्याचं नाव उमटलं, तेव्हा मी अक्षरशः टाळ्या वाजवल्या.

आता फरक. चारही कोअर कामाला लावले की ज्या पुस्तकाच्या ओसीआरला तासभर लागायचा ते ३५ मिनिटांच्या आसपास होतं. ब्राउझर, पत्रं, सभासदांच्या नोंदी यांत मात्र फरक थोडाच जाणवतो. आय३ ३.१ गिगाहर्ट्झवर थांबतो, त्याला टर्बो, म्हणजे गरजेप्रमाणे वेग आपोआप वाढवण्याची सोय, नाही. आय५ ३.२वरून एकाच कोअरवर भार असेल तर ३.६पर्यंत चढतो, तेवढीच काय ती चपळाई. फक्त टायपिंग आणि ईमेल असेल तर या भानगडीत पडू नका, हार्डडिस्क असेल तर ते पैसे एसएसडीला घाला.

कूलरचं राहिलं. आय३ ६५ वॉटचा, आय५ ७७चा. आमचा जुना कूलर पुरला, पण प्रोसेसर आणि कूलरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट सुकली होती, ती पूर्ण पुसून नवी लावली. कूलरच्या चार पिना समोरासमोरच्या तिरप्या जोडीने दाबा आणि चारही वेळा टक्‌ आवाज आला का ते ऐका. प्रोसेसर बसवताना सॉकेटच्या आत बोट लावू नका.

आमचा आय३ वाचनालयाच्या कपाटात ठेवला आहे. एच६१वर अपडेट करायचं असेल आणि जुना प्रोसेसर हाताशी नसेल, तर डोंबिवलीकरांनी खुशाल मागावा.