पाव मोठा की एक तृतीयांश?

आज अपूर्णांक. १/३ मोठा की १/४? अर्ध्याहून जास्त हात १/४ साठी वर. चार तीनपेक्षा मोठे, मग त्यांचं तरी काय चुकलं! फळ्यावर दोनदा समजावलं, चेहरे कोरेच. शेवटी सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्या वाटल्या, घड्या घाला म्हटलं. (पट्टीचे तीन सारखे भाग मलाही धड जमत नाहीत, ते सोडा.) मागच्या बाकावरची, एरवी गप्प असणारी मुलगी पट्टी उलगडत म्हणाली, "बाई, वाटे वाढले की तुकडा लहान होतो." मी वीस मिनिटं तेच तर सांगत होते! आधीच मोकळ्या झालेल्यांना २/५ आणि ३/७ दिलं, ते अजून भांडतायत. एकाला मात्र पट्टीनेही उमगलं नाही. उद्या त्याच्यासाठी जमिनीवर खडूने संख्यारेषा आखून बघते.